विज्ञानकथेतील घरचा नायक

१

विज्ञानकथा हा वाङ्मयप्रकार इतर कोणत्याही प्रकारापेक्षा लवकर म्हातारा होतो. ऐतिहासिक कादंबरीला काळाचे भय नसते. तिचा काळ आधीच होऊन गेलेला असतो. विज्ञानकथा ज्या उद्याविषयी बोलते तो उद्या मात्र एके दिवशी खरोखरच उजाडतो, आणि लेखकाचे भाकीत व प्रत्यक्ष वर्तमान ही दोन्ही वाचकासमोर एकाच वेळी उभी राहतात. बहुधा भाकीत हास्यास्पद ठरते. ते खरे ठरले तर त्याची गत याहूनही वाईट होते. कारण जे घरोघरी आले त्याचा विस्मय कोणाला वाटणार? असे असूनही या प्रकारातील काही मोजके नायक टिकून राहतात. त्यांच्या कथेतील यंत्रे जुनी होतात, त्यांच्या भोवतीचे नेपथ्य पुठ्ठ्याचे वाटू लागते, आणि तरीही आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारे घर त्यांची वाट पाहते. हे कशामुळे घडते, हा या लेखाचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर अद्भुतरसाचे नाव घेऊन दिले जाते. ते पुरेसे नाही. अद्भुताचा स्थायीभाव विस्मय. आणि एकाच वस्तूविषयी पुनःपुन्हा विस्मय वाटणे हे मनुष्यस्वभावाला धरून नाही. पहिल्या दर्शनी डोळे विस्फारतात, दुसऱ्या वेळी ओळख पटते, तिसऱ्या वेळी सवय होते. जो नायक वर्षानुवर्षे टिकतो तो विस्मयाच्या बळावर टिकत नसावा. त्याच्या मुळाशी दुसराच एखादा भाव असला पाहिजे. तो भाव सख्याचा आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. हे पडताळून पाहण्यासाठी चेन्नईचे उदाहरण विशेष उपयोगी आहे. तेथे तमिळ भाषेत, एका कौटुंबिक साप्ताहिकाच्या पानांतून, असा एक नायक जन्माला आला, पुढे दूरदर्शनच्या पडद्यावर आला, आणि त्याच्या कथेतील भविष्यकाळ मागे पडल्यानंतरही तो वाचकांच्या मनात उरला. हा नायक मनुष्य नाही. तो एक यांत्रिक कुत्रा आहे. त्याचे नाव जीनो.

२

जीनोकडे वळण्यापूर्वी या जातीच्या नायकांत ज्याला ज्येष्ठत्वाचा मान द्यावा लागेल त्याचा विचार केला पाहिजे. बी.बी.सी.ची ‘डॉक्टर हू’ ही मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. सिडनी न्यूमन या अधिकाऱ्याच्या मनात शनिवारी सायंकाळी लहानथोरांनी एकत्र बसून पाहावा असा कार्यक्रम होता. व्हेरिटी लँबर्ट या तरुण निर्मातीने तो उभा केला, आणि त्याच्या पहिल्या कथेचे दिग्दर्शन लखनौत जन्मलेल्या वारिस हुसेन यांनी केले. काळातून आणि अवकाशातून भटकणारा एक वृद्ध, त्याची नात, आणि तिच्या शाळेतील दोन शिक्षक, एक विज्ञानाचा व एक इतिहासाची, अशी ही पहिली मंडळी. ही रचना शाळेच्या वेळापत्रकावरून बेतल्यासारखी दिसते, आणि मूळ हेतूही काही अंशी शिक्षणाचाच होता. पुढे राक्षसी शत्रू आले, थरार आला. परंतु एक अनोळखी वडीलधारा आपल्याबरोबर चार साध्या माणसांना घेऊन निघतो आणि त्यांना जग दाखवतो, हा गाभा बदलला नाही.

१९६६ साली मुख्य नट विल्यम हार्टनेल यांना प्रकृतीमुळे भूमिका सोडावी लागली. मालिका बंद करणे हा सरळ मार्ग होता. चालकांनी निराळा मार्ग काढला: हा नायक परग्रहावरचा, तेव्हा त्याने देह बदलला तर बिघडले कोठे? पॅट्रिक ट्राउटन त्याच नावाने पुढे आले. अडचणीतून निघालेली ही युक्ती या मालिकेचे प्राणतत्त्व ठरली. १९८९ मध्ये नियमित प्रक्षेपण थांबले, २००५ मध्ये ती पुन्हा सुरू झाली, २०१७ मध्ये त्या भूमिकेत प्रथमच एक स्त्री दिसली. नायकाचे वय, चेहरा, बोलण्याची तऱ्हा, पोशाख, सारे पालटत गेले.

भारतीय वाचकाला या ठिकाणी अवतारकल्पना आठवणे स्वाभाविक आहे, परंतु साम्य वरवरचे आहे. अवतार कार्यासाठी येतो आणि कार्य संपले की जातो. डॉक्टरला नेमून दिलेले कार्य नाही. तो वाट फुटेल तिकडे जाणारा पांथस्थ आहे. देह पालटूनही त्याच्यात जे शिल्लक राहते ते सामर्थ्य नव्हे. शस्त्रावर तो सहसा विसंबत नाही. शिल्लक राहते ती त्याची जिज्ञासा, दुबळ्याच्या बाजूने उभे राहण्याची खोड, आणि सोबत्यावाचून न करमण्याचा स्वभाव. प्रेक्षक त्याच्या यंत्राकडे पाहत नाही. तो त्याच्या सोबत्याच्या जागी स्वतःला बसवतो. म्हणूनच पुठ्ठ्याच्या भिंती दिसत असूनही भ्रम मोडत नाही. सख्याला नेपथ्याची फारशी गरज नसते.

३

चेन्नई, म्हणजे १९९६ पूर्वीचे मद्रास, हे शहर या जातीच्या कथेला अनुकूल का ठरले, याचे कारण तेथील साप्ताहिकांत शोधले पाहिजे. एस. एस. वासन यांनी १९२८ साली ‘आनंद विकटन’ हाती घेतले आणि ते तमिळ मध्यमवर्गाच्या घरातले नित्याचे पत्र करून सोडले. ‘कल्की’ कृष्णमूर्ती यांनी प्रथम तेथे, आणि पुढे स्वतःच्या नावाच्या साप्ताहिकात, दीर्घ क्रमशः कादंबरीची चटक वाचकांना लावली. ‘पोन्नियिन सेल्वन’ ही त्यांची ऐतिहासिक कादंबरी १९५० ते १९५४ अशी आठवड्यामागून आठवडे चालली. या सवयीचा परिणाम केवळ खपावर झाला नाही. जी व्यक्ती दर आठवड्याला घरी येते ती पाहुणी राहत नाही. तिच्या सुखदुःखाची चर्चा जेवताना होते, पुढे काय होणार यावर सासू-सुना पैजा लावतात. क्रमशः कादंबरीने पात्रांना घरात प्रवेश दिला. आणि १९७५ साली मद्रासला दूरदर्शन केंद्र सुरू झाल्यावर तो प्रवेश पडद्याच्या वाटेनेही मिळू लागला.

या परंपरेत विज्ञान आणण्याचे श्रेय सुजातांना दिले जाते. एस. रंगराजन हे त्यांचे खरे नाव; ‘सुजाता’ हे पत्नीचे नाव त्यांनी लेखनासाठी घेतले. १९३५ साली मद्रासच्या तिरुवल्लिक्केणी भागात त्यांचा जन्म झाला, बालपण श्रीरंगमला आजीजवळ गेले, आणि अभियांत्रिकीचे शिक्षण मद्रासच्याच क्रोमपेट येथील संस्थेत झाले. पुढे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये असताना इलेक्ट्रॉनिक मतदानयंत्राच्या विकसनात त्यांचा महत्त्वाचा वाटा होता. २००८ साली चेन्नईत त्यांचे निधन झाले. वाचकांच्या वैज्ञानिक शंकांना ते सदरातून उत्तरे देत. आणि या सदरलेखकाचा स्वर, म्हणजे समोरच्याला अडाणी न मानता, किंचित थट्टा करीत, सोपे करून सांगण्याचा स्वर, त्यांच्या कथेतही उतरला आहे.

त्यांची ‘एन् इनिय इयंदिरा’, म्हणजे ‘माझ्या लाडक्या यंत्रा’, ही कादंबरी १९८० च्या दशकात ‘आनंद विकटन’मधून क्रमशः आली. पुढे तिची दूरदर्शन मालिका झाली, आणि ‘मींडुम् जीनो’, म्हणजे ‘पुन्हा जीनो’, हा तिचा उत्तरभागही निघाला. कथेचा काळ २०२१ नंतरचा. देशावर जीवा नावाच्या हुकूमशहाची सत्ता आहे. नागरिकांची नावे दोन अक्षरांच्या पलीकडे जाऊ शकत नाहीत, मूल होऊ देण्यास सरकारची परवानगी लागते, वार्धक्याचा शेवटही सरकारच ठरवते. निला या गृहिणीला मुलाची परवानगी मिळते न मिळते तोच तिचा नवरा सिबी नाहीसा होतो. अशा वेळी तिच्या घरात रवी नावाचा एक तरुण सरकारी आदेशाने राहावयास येतो आणि त्याच्याबरोबर त्याचा यांत्रिक कुत्रा जीनो येतो. निला नवऱ्याच्या शोधात निघते. रवी आणि त्याचा मित्र मनो यांचा हेतू जीवाचा वध करण्याचा आहे. शेवटी उघड होते की जीवा हा मनुष्यच नाही; तो प्रकाशाने घडवलेला त्रिमितीय आभास आहे. बंडखोर सत्ता मिळवतात, आणि निलाला नामधारी राणी करून तेच नवे सत्ताधीश होतात.

४

या कथानकात भाकिताचा भाग बराच आहे, आणि २०२१ साल येऊन गेल्यामुळे त्याची परीक्षा घेणे सोपे झाले आहे. परंतु ती परीक्षा निरर्थक आहे. दोन अक्षरी नावांची सक्ती आली नाही म्हणून कादंबरी फसली असे कोणी म्हणणार नाही. आणि आभासी प्रतिमांचे राज्य काही प्रमाणात आले म्हणून ती श्रेष्ठही ठरत नाही. वाचकाच्या मनात राहतो तो जीनो. तो का राहतो, हे पाहिले म्हणजे आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर हाती येते.

पहिली गोष्ट त्याच्या जागेची. जीनो उंबरठ्यावरचा प्राणी आहे. तो घरात राहतो, पण घरचा नाही. तो राज्यव्यवस्थेने घडवलेल्या यंत्रयुगाचे अपत्य आहे, पण त्या व्यवस्थेचा सेवक नाही. घरात काय बोलले जाते ते तो ऐकतो आणि बाहेर काय चालले आहे ते तो जाणतो. एकाकी झालेल्या निलाला त्याची मदत होते ती नेमकी यामुळे. दुसरी गोष्ट त्याच्या वाचनाची. तो पुस्तके वाचतो, आणि वाचता वाचता, त्याच्या कर्त्याने योजिले नव्हते अशा रीतीने, विचार करू लागतो. लेखकाने येथे एक सूक्ष्म विरोध साधला आहे. ज्या राज्यात माणसांनी विचार करावयाचे थांबवले आहे तेथे यंत्र विचार करू लागते. ज्या राज्यात हुकूमशहा हा आभास आहे तेथे खेळणे समजले गेलेले जनावर सर्वांत खरे निघते.

हा विरोध तमिळ भाषेच्या अंगानेही पाहण्यासारखा आहे. तमिळ व्याकरण नामांचे दोन वर्ग करते: एक ‘उयर्तिणै’, म्हणजे मनुष्यादी उच्च वर्ग, आणि दुसरा ‘अऱ्हिणै’, ज्यात पशू आणि निर्जीव वस्तू येतात. ही विभागणी ‘तोल्काप्पियम्’इतकी जुनी आहे. कुत्रा या दुसऱ्या वर्गात, यंत्रही त्याच वर्गात. म्हणजे जीनो दोन्ही नात्यांनी उच्च वर्गाच्या बाहेरचा. जी भाषा व्याकरणातच ही रेषा ओढते, त्या भाषेच्या वाचकाला विवेकाचा आवाज रेषेच्या पलीकडून ऐकू येतो, तेव्हा त्याला होणारा धक्का मराठीत जसाच्या तसा आणता येणार नाही. आमच्याकडे ‘तो कुत्रा’ आणि ‘ते यंत्र’. अनुवादकाला जीनोचे लिंग ठरवावे लागेल, आणि ‘तो’ म्हणताच अर्धे काम व्याकरणानेच करून टाकलेले असेल.

तथापि मराठी वाचकाला या नायकाच्या आकलनासाठी आपल्या परंपरेतला आधार आहे. महाप्रस्थानाच्या वाटेवर युधिष्ठिराबरोबर अखेरपर्यंत चालला तो कुत्रा. त्याला सोडून स्वर्गाच्या रथात बसणे युधिष्ठिराने नाकारले, आणि तो कुत्रा प्रत्यक्ष धर्म निघाला. कोरडी पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव तर प्रत्येक मराठी मुलाने ऐकलेले आहेत. क्षुद्र समजल्या गेलेल्या देहात श्रेष्ठ तत्त्व ओळखणे ही आमच्या कथांची जुनी रीत आहे. सुजातांनी ती जाणीवपूर्वक वापरली असा दावा करण्याचे कारण नाही. पण जीनोचे आवाहन केवळ नावीन्याचे नाही, ते जुन्या ओळखीचेही आहे, एवढे यातून दिसते. १९७७ साली ‘डॉक्टर हू’मध्येही एक यांत्रिक कुत्रा आला. तो चतुर आहे, निष्ठावान आहे, लोकप्रियही झाला. पण तो नायकाच्या परिवारातला एक राहिला. चेन्नईच्या कथेत परिवारातल्याच नायकपदावर चढला, हा भेद लहान नाही.

५

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. मनुष्यापेक्षा यंत्र अधिक माणुसकीचे दाखवणे ही स्वस्त समजूत आहे, असे कोणी म्हणेल. हुकूमशाहीच्या भीषण चित्रावर गोंडस कुत्र्याचे पांघरूण घातले की घरातली मंडळी निर्धास्त होतात. भय उरत नाही, आणि भय न उरले तर अशा कथेचे प्रयोजनच संपते.

आक्षेपात तथ्य आहे. जीनोची थट्टा काही वेळा प्रसंगाची धार बोथट करते. क्रमशः लेखनाला प्रत्येक हप्त्यात वाचकाला खूष ठेवावे लागते, त्याचा हा दोष आहे. परंतु कथेचा शेवट सारखी समजूत घालीत नाही. सत्तापालट होतो आणि सत्तेचे स्वरूप तसेच राहते. क्रांतिकारक नवे मालक होतात. या कडू निष्कर्षापर्यंत कौटुंबिक वाचक लेखकाच्या मागोमाग येतो, तो जीनोचा हात धरून. हात धरणारा कोणी नसता तर साप्ताहिकाचे पान त्याआधीच उलटले गेले असते. सख्य हे येथे भयाचे पांघरूण नसून भयापर्यंत नेणारी वाट आहे. डॉक्टरच्या बाबतीतही मुलांना सोफ्यामागे लपावेसे वाटावे असे प्रसंग येतात, आणि मुले तरीही तेथून उठून जात नाहीत. कारण तो तेथे असतो.

याचा पडताळा चेन्नईच्याच दुसऱ्या एका कृतीने मिळतो. शंकर यांचा ‘एंदिरन्’ हा चित्रपट २०१० साली आला. त्याच्या लेखनात सुजातांचा वाटा होता, जरी तो पूर्ण होईपर्यंत ते हयात नव्हते. रजनीकांत यांनी त्यात शास्त्रज्ञ आणि त्याने घडवलेला चिट्टी हा यंत्रमानव अशा दोन्ही भूमिका केल्या. चिट्टीला भावना दिल्या जातात, त्यातून प्रेम, त्यातून मत्सर आणि त्यातून संहार उत्पन्न होतो. शेकडो चिट्टींचे गोल आणि भिंती बनतात, तेव्हा विस्मय कमाल मर्यादेला पोचतो, आणि नेमक्या त्याच क्षणी सख्य संपते. शेकडोंशी मैत्री करता येत नाही. चित्रपटाचा उत्तम भाग त्यानंतरचा आहे: न्यायालयाच्या आज्ञेने चिट्टी आपले अवयव आपल्या हाताने सुटे करतो, आणि पुढे संग्रहालयात मांडलेला असताना एका मुलीला सांगतो की आपण विचार करू लागलो म्हणून आपल्याला मोडण्यात आले. येथे भव्य यंत्र पुन्हा एकटे, लहान आणि बोलके होते; जीनोच्या कुळात परत येते. प्रेक्षकाच्या मनाला भिडतो तो हाच चिट्टी.

६

आता हा विचार आपल्या घरी आणला पाहिजे. मराठी विज्ञानकथेचा इतिहास गरीब नाही. मराठी विज्ञान परिषदेने १९७४ साली घेतलेल्या स्पर्धेत जयंत नारळीकरांनी टोपणनावाने पाठवलेली ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली, आणि त्यानंतर त्यांनी, बाळ फोंडके यांनी, लक्ष्मण लोंढे यांनी या प्रकाराला प्रतिष्ठा मिळवून दिली. नारळीकर २०२१ च्या नाशिक साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, ही त्या प्रतिष्ठेची पावती होय. परंतु त्यांच्या कथांपैकी कोणत्या पात्राचे नाव आपल्याला घरच्या माणसासारखे आठवते? कल्पना आठवते, तिची बिनचूक मांडणी आठवते, शेवटची कलाटणी आठवते. पात्र आठवत नाही. ‘वामन परत न आला’ ही त्यांची कादंबरी जीनोच्या सुमाराची. तिच्यातही विचार करणारे यंत्र आहे, आणि वामन हे नाव फार अर्थपूर्ण आहे: लहान रूपाने येऊन सर्वस्व व्यापणारा. पण वामन हा प्रश्न म्हणून येतो, धोका म्हणून वाढतो. सोबती म्हणून तो आपल्या घरात राहत नाही. प्रश्न सुटला की त्याचे काम संपते. हे नारळीकरांचे न्यून नव्हे. त्यांच्या कथेचा नायक समस्या हाच आहे आणि त्या मर्यादेत ती सुघड आहे. उणीव आहे ती परंपरेत.

या उणिवेचे कारण मराठी वाचकाच्या अभिरुचीत शोधणे अन्यायाचे होईल. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठी मुलांना दिला, आणि फुरसुंगीचा बनेश ऊर्फ फास्टर फेणेही दिला. हा सायकलस्वार मुलगा कथेमागून कथेत येत राहिला, दूरदर्शनवर मालिकेच्या रूपाने दिसला, आणि २०१७ साली, भागवतांच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी, चित्रपटात तरुण होऊन आला. त्याचे ‘टॉक्क’ आजही ओळखले जाते. तेव्हा दीर्घायुषी नायकाला आपलासा करणारे घर महाराष्ट्रात आहे. मात्र फास्टर फेणे हा साहसकथेचा नायक. विज्ञानकथेच्या वाट्याला तो आला नाही. कारण, या लेखकाच्या मते, प्रकाशनाच्या व्यवस्थेत आहे. आपली विज्ञानकथा वाढली ती स्पर्धांत आणि दिवाळी अंकांत. दोन्हींना लागते ती एका बैठकीत संपणारी, एका कल्पनेवर उभी असलेली कथा. वर्षातून एकदा भेटणारे पात्र दूरच्या नातेवाइकासारखे असते. त्याचे स्वागत होते, त्याच्याशी सख्य होत नाही. तमिळ विज्ञानकथेला साप्ताहिकाचे अंगण मिळाले, आणि त्या अंगणात कुत्रा राहू शकला.

विज्ञानकथेची समीक्षा करताना आपण सामान्यतः दोन प्रश्न विचारतो: विज्ञान बरोबर आहे काय, आणि कल्पना नवी आहे काय? दोन्ही प्रश्न योग्य आहेत, पण दोन्हींची उत्तरे काळाबरोबर शिळी होतात. त्यांच्या जोडीला तिसरा प्रश्न विचारावयास हवा: या कथेत असे कोणी आहे काय, की ज्याच्याबरोबर आणखी एकदा बाहेर पडावे असे वाटेल? डॉक्टरच्या साठ वर्षांहून अधिक चाललेल्या भटकंतीने आणि चेन्नईच्या एका वाचणाऱ्या यांत्रिक कुत्र्याने या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी दिले आहे. मराठीत तसे उत्तर देणारा लेखक पुढे येईल तेव्हा त्याला विज्ञान नव्याने शिकावे लागणार नाही. ती तयारी मागच्या पिढीने करून ठेवली आहे. त्याला आपल्या नायकाला दर आठवड्याला घरी येऊ द्यावे लागेल, आणि त्यासाठी एखाद्या संपादकाला तेवढी पाने मोकळी ठेवावी लागतील.